ट्रंक टाकून देऊ नका!



या अंकासाठी पालकांपैकी कुणीतरी लिहावे असे बाईंनी सांगितले, आणि नेमका मी पुढच्या रांगेत बसलो होतो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दिवसभर लिहितो ते संगणकाला कळले की पुरे. माणसांना कळावे असे लिहायची सवय सुटली आहे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे आणि मत थोडे ठाम आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो : आपल्या वर्गाने स्वतःचे एक छोटेसे संग्रहालय करावे, आणि ते याच वर्षी करावे.

विषय निघाला तो आपल्या शिंदगाच्या सहलीमुळे. तुम्हांपैकी बहुतेक जण होतातच. खाडीकाठच्या जुन्या घरांमधून ते संग्रहालय मांडले आहे. मोती काढणारे पाणबुडे, गलबते, अत्तरे, दागिने, वाळवंटातले जगणे, आणि एका लहानशा बंदराचे एवढे मोठे शहर कसे झाले त्याची गोष्ट. मांडणी सुरेख आहे. मुले रमली, मोठेही रमले. जुन्या दुबईची दृश्ये पाहताना दुसरीतल्या एका मुलीने मला विचारले, "काका, तेव्हा इंडियन मुलं होती का? ती कुठल्या शाळेत जायची?"

मी म्हटले, "नसतील बहुतेक. शाळा वगैरे सगळं तेल सापडल्यानंतरचं."

घरी येऊन पाहिले तर माझे उत्तर साफ चुकीचे! दुबईतले इंडियन हायस्कूल सुरू झाले १९६१ साली, आणि दुबईला समुद्रात तेल सापडले १९६६ साली. म्हणजे तेलाच्या ५ वर्षे आधी इथे आपली मुले शाळेत जात होती, पाढे पाठ करत होती. वीस वर्षांहून अधिक काळ या गावात राहून मला ते ठाऊक नव्हते. दुसरीतल्या मुलीला मी अगदी आत्मविश्वासाने चूक सांगितले. (पुढच्या शनिवारी तिची माफी मागितली. तिने केली.)

त्यानंतर थोडा अभ्यास केला. त्यातले काही तुम्हालाही सांगतो, कारण हा आपल्याच अंगणाचा इतिहास आहे.

१९०९ साली दुबईत पहिले टपाल कार्यालय उघडले, ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे. इथे चलनही होते ते रुपयाच. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. त्यांना 'गल्फ रुपया' म्हणत. पुढे जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते एकदम ७ रुपये ५० पैसे पडू लागले. इथल्या माणसाच्या खिशातला पैसा दिल्लीतल्या एका निर्णयाने रातोरात हलका झाला. साहजिकच इथल्या अमिरातींनी रुपयाचा निरोप घेतला, दुबईत कतार-दुबई रियाल आला आणि १९७३ पासून दिरहम.

मोत्यांचे तसेच. इथल्या समुद्रातला मोती विकायला जायचा मुंबईला. जपानमध्ये मिकिमोतो यांनी मोत्यांची शेती यशस्वी केली, त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, आणि हा धंदा बसला. मुंबईच्या बाजारात भाव पडला की इथल्या घरात चूल मंदावायची. आज आपण इथून घरी पैसे पाठवतो. त्या काळी पैशाची वाट मुंबईहून इकडे यायची. मुलांनो, हे वाचून गंमत वाटते की नाही?

१९६८ च्या जनगणनेत दुबईची लोकसंख्या सुमारे ५९ हजार होती. आज ती ३५ लाखांच्या पुढे आहे. ही जी मधली वाढ झाली, ती मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांची. खाडीतला गाळ १९५९ ते १९६१ या काळात उपसला गेला, बंदरे झाली, कारखाने झाले, गॅरेजे झाली. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डबा घेऊन कामावर जात होते. त्यांत आपले लोकही होते. संग्रहालयात शहर वाढताना दिसते. डबा घेऊन जाणारा माणूस मात्र त्या दुपारी आमच्या मुलांच्या नजरेस पडला नाही.

मी तक्रार करत नाही. ज्यांचा देश आहे त्यांनी आधी आपल्या आजोबांची गोष्ट सांगावी, हे योग्यच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. आपली गोष्ट सांगायचे काम आपले आहे, आणि ते आपण करत नाही.

याबाबतीत अमेरिकेतल्या लोकांचे एक मला आवडते. गावागावांत त्यांची स्थानिक इतिहासाची छोटी संग्रहालये असतात. न्यूयॉर्कमध्ये १९८८ साली स्थापन झालेले 'टेनेमेंट म्युझियम' त्यांतले फार नामांकित. ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट अशी तिथली एक जुनी इमारत. आपल्या गिरगावातल्या चाळीची चुलत बहीण म्हणा. १८६३ ते १९३५ या काळात २० हून अधिक देशांतून आलेले सुमारे ७ हजार लोक तिथे भाड्याने राहून गेले. कुणी शिंपी, कुणी दुकानदार. त्यांच्या त्या अंधाऱ्या खोल्या, चुली, शिवणकामाची जागा हेच तिथले प्रदर्शन. राजा नाही, सेनापती नाही. पण अमेरिकेचा समाज कसा बदलत गेला, हे त्या दोन खोल्यांत जेवढे कळते तेवढे पुतळ्यापुढे उभे राहून कळत नाही. पुढे २०१४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये तिथल्या भारतीयांवरही मोठे प्रदर्शन भरले. तिथे गेलेले भारतीयही एके काळी परकेच होते!

इतक्या लांब तरी कशाला जायचे? पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून काय गोळा केले? दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे. लोक ज्याला अडगळ म्हणत ते. लहान वयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथे २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. एक अडकित्ता म्हणजे अडगळ; शंभर अडकित्ते ओळीने मांडले की समाज दिसू लागतो.

आता या कल्पनेवर आपल्याच पालकांनी चहाच्या वेळी घेतलेले आक्षेप. दोन्ही वजनदार आहेत, म्हणून टाळत नाही.

पहिला आक्षेप : "अहो, आपण इथे पाहुणे. आज आहोत, उद्या व्हिसा संपला की चाललो. पाहुण्यांनी कसला इतिहास मांडायचा?"

याचे उत्तर आपल्या वर्गापासून जवळच आहे. रास अल खोर म्हणजे खाडीचे टोक. त्या टोकाशी, मोठमोठ्या रस्त्यांच्या मधोमध, फ्लेमिंगोंचे अभयारण्य आहे. १९८५ साली ते राखीव झाले आणि २००७ साली रामसर यादीत गेले. त्या पक्ष्यांपैकी बहुतेक हिवाळ्यापुरते येतात. तरी त्यांच्यासाठी जागा राखली आहे, निरीक्षणाला खोपटी बांधली आहेत, दुर्बिणी ठेवल्या आहेत, मोजदाद होते. पाहुणा आहे म्हणून त्याची नोंद नको, असे कुणी म्हणत नाही. उलट, पाहुणा निघून जातो म्हणूनच नोंद ठेवायची!

आणखी एक उदाहरण. बस्तकियातल्या वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरे आपण पाहुण्यांना मोठ्या हौसेने दाखवतो. इराणच्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांची ती वस्ती, म्हणजे तेही बाहेरचेच. १९८० च्या दशकात त्या वस्तीचा बराच भाग पाडला गेला आणि उरलेलाही जाणार होता. तिथे राहणारे ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ रेनर ऑटर यांनी ती वाचवण्यासाठी खटपट केली. १९८९ साली इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स आले, त्यांनी वस्ती पाहिली आणि ती जपावी असे मत दिले. पुढे वस्ती वाचली, दुरुस्त झाली. बाहेरून आलेल्यांनी बांधले, बाहेरून आलेल्याने खटपट केली, आणि आज ते साऱ्या दुबईचे भूषण आहे. पाहुण्याने घर झाडायला हरकत नसते, मंडळी.

दुसरा आक्षेप : "मुलांना धड जोडाक्षरे येत नाहीत, आठवड्यातून दोन तास मिळतात. आधी शिवाजी महाराज शिकवा, मग मामा-काकांचा इतिहास."

हा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण वेळ खरेच कमी आहे. पण अनुभव सांगतो. माझ्या मुलाला 'माझा आवडता ऋतू' या विषयावर पाच ओळी लिहायला पाऊण तास लागतो. (इथे ऋतू दोनच, उन्हाळा आणि कडक उन्हाळा, हे त्याचे म्हणणे.) तोच मुलगा आजीने फोनवर सांगितलेली विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट दीड पान लिहितो, कारण त्याला ती बाबांना सांगायची असते. भाषा शिकायला सांगण्यासारखे काहीतरी लागते. महाराजांचा पराक्रम तर शिकवायचाच; पण त्या काळची पत्रे आणि दफ्तरे कुणीतरी सांभाळली, म्हणून तो आपल्याला तपशिलाने कळतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिथे येतो.

माझे मामा १९७६ साली मुंबईहून 'द्वारका' बोटीने दुबईला आले. चिपळूणचे. फिटर म्हणून लागले, पुढे याच रास अल खोरच्या गॅरेजांमध्ये कितीतरी वर्षे काम केले. पगार असा की कुटुंबाचा व्हिसा मिळणे शक्य नव्हते. मामी आणि मुली चिपळूणला. दोन वर्षांनी एकदा गाठ. फोन महाग, आणि मामींना लिहिण्याची सवय कमी. तेव्हा मामी कॅसेट भरून पाठवायच्या. शेजारचा कुणी रजेवरून परत निघाला की त्याच्या सामानात ती यायची. पाऊस किती झाला, कुणाचे लग्न ठरले, धाकटीचा दात पडला, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच कोंबडा. मामा कामावरून आल्यावर, खोलीतली बाकीची सात माणसे झोपली की कानाशी धरून ऐकायचे.

त्या कॅसेटी, पत्रे आणि एक वही, हे सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. वहीत मामांनी दर महिन्याला घरी किती पैसे पाठवले आणि त्या दिवशी दिरहमचा भाव काय होता, ते लिहिले होते. ३३ वर्षे. एकही महिना गाळलेला नाही.

२००९ साली मामा कायमचे परत निघाले. तेव्हा माझे नवे लग्न, एका खोलीचा फ्लॅट. मामा ट्रंक घेऊन आले आणि म्हणाले, "अरे, ही तुझ्याकडे ठेवतोस का? तू शिकलेला. त्या कॅसेटींचं काही करता आलं तर बघ."

मी म्हटले, "मामा, घरात जागा कुठे आहे? तुम्ही गावी घेऊन जा. मी आलो की सगळं कॉम्प्युटरवर घेऊ."

त्यानंतर मी सात-आठ वेळा चिपळूणला गेलो. कधी दोन दिवस, कधी चार. दर वेळी ट्रंक माळ्याखालच्या खोलीत होती आणि दर वेळी मी म्हटले, पुढच्या खेपेला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते तुम्ही बातम्यांत पाहिले असेल. मामांच्या घरात छताजवळ पाणी होते. माणसे वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. चार दिवसांनी फोन लागला. मामा म्हणाले, "माणसं वाचली रे. बाकी चिखल आहे." ट्रंकेचे नाव त्यांनी काढले नाही. मीच विचारले. वहीचा लगदा झाला होता. कॅसेटी फेकल्या.

मामी १९९८ साली गेल्या. त्यांचा आवाज आणखी कुठेही नव्हता.

मंडळी, माझ्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात : जे एकाच ठिकाणी ठेवले आहे, ते ठेवलेलेच नाही असे समजा. बँकांच्या व्यवहारांच्या तीन-तीन प्रती ठेवणारा मी. घरच्या एका ट्रंकेची दुसरी प्रत केली नाही. एका कॅसेटला एक तास धरला तरी चाळीस कॅसेटींना चाळीस तास, म्हणजे माझ्या कामाचा एक आठवडा. मामांची ३३ वर्षे आणि माझा एक आठवडा. तो काढला नाही. हा दोष पुराचा नाही, माझा आहे.

म्हणून ही सूचना. वर्गात मागे लोखंडी कपाट आहे, त्याचा खालचा कप्पा रिकामा आहे. बाईंनी तो द्यायचे कबूल केले आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वस्तू आणावी. मौल्यवान नको, सोने तर नकोच. काय आणता येईल? पासपोर्टवरचा जुना व्हिसा. २०२२ पासून तो पासपोर्टवर चिकटवत नाहीत, त्यामुळे लहान मुलांनी पाहिलेलाही नसेल. आंतरराष्ट्रीय फोन कार्ड. घरपत्ता नसल्यामुळे पोस्ट बॉक्स क्रमांक लिहिलेले पाकीट. सामान तोलायचा हातातला काटा. आपल्या वर्गाची जुनी हजेरी वहीसुद्धा चालेल. तिच्यावर 'शुक्रवार' लिहिलेले आहे. इथली सरकारी सुट्टी आधी गुरुवार-शुक्रवार, २००६ पासून शुक्रवार-शनिवार आणि २०२२ पासून शनिवार-रविवार. एका वहीच्या पुठ्ठ्यावर देश बदलताना दिसतो.

वस्तूसोबत मुलांनी स्वतःच्या हाताने मराठीत एक चिठ्ठी लिहावी. वस्तू काय, कुणाची, कधीची, आणि ती नसती तर काय अडले असते. प्रोग्राममध्ये आम्ही शेजारी टीप लिहितो, ती याचसाठी. काम कसे होते ते प्रोग्राम सांगतो. का केले ते टीप नसेल तर वर्षभराने लिहिणाऱ्यालाही कळत नाही. वस्तू मूळ मालकाकडेच राहिली तरी चालेल. फोटो आणि चिठ्ठी आपल्याकडे ठेवू, आणि चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स तीन वेगळ्या घरांत. स्कॅनही करू, पण केवळ स्कॅनवर विसंबू नका. माझ्या कॉलेजचा प्रोजेक्ट फ्लॉपीवर आहे. तो आता मलाच उघडता येत नाही. हा झेरॉक्स केलेला अंक मात्र पन्नास वर्षांनीही वाचता येईल.

एक अट माझ्याकडून. हे फक्त आपल्यासारख्या बरा पगार असणाऱ्यांचे संग्रहालय होऊ नये. कतारमध्ये दोहाला २०१५ साली गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले, बिन जलमूद हाऊस. अवघड गोष्टही मांडता येते, हे त्यावरून दिसते. आपल्या वर्गापासून दोन गल्ल्यांवर गॅरेजांत मराठी माणसे काम करतात. त्यांच्यातला खेडचा एक डेंटर-पेंटर माझ्या गाडीचे काम करतो. त्याची मुलगी तिकडे सहावीत आहे. ती त्याला फोनवर दिसते, रोज. मामांना मामी दिसायच्या नाहीत, एवढाच फरक पडला आहे पन्नास वर्षांत. बाकी खोलीत माणसे अजून आठच. त्यालाही बोलवू या. तो काय आणेल ते पाहू या, आणि त्याची चिठ्ठी त्यानेच सांगितल्याप्रमाणे मुलांनी लिहावी. सुधारून नव्हे.

मामांनी आता सत्तरी ओलांडली आहे. दर रविवारी मी त्यांना फोन करतो आणि सांगतील ते लिहून घेतो. भाव आठवत नाहीत. तीन वर्षांचे आठवले, तेही अंदाजे. मामींच्या कॅसेटीतला कोंबडा मात्र पक्का आठवतो. माझ्याकडची वस्तू म्हणजे ती नवी वही. तिची झेरॉक्स मी पुढच्या शनिवारी आणतो आहे. तुम्हीही एक वस्तू शोधा, आणि आजी-आजोबा इथे आले असतील तर त्यांनाच सोबत आणा.

कपाटाची किल्ली बाईंकडे आहे.

– एक पालक (शनिवार, सकाळची तुकडी)